फरशीवर मांडलेली घरं

इनायतुल्ला अमरावतीच्या कचेरीत आला त्या पहिल्याच दिवशी मी त्याच्यावर ओरडलो होतो. त्यानं आपली ओली छत्री माझ्या टेबलाला टेकवून ठेवली, आणि टेबलावर मी शाई वाळायला कार्डं पसरली होती. "अरे बावा, काही अक्कल हाय का नाही?" म्हटलं. त्यानं छत्री उचलली, कोपऱ्यात नेऊन ठेवली, आणि म्हणाला, "बाबूजी, इतका ताव कार्डासाठी, का माह्यावर?" कार्डासाठी, म्हटलं. "मंग ठीक हाय," म्हणाला आणि हसला. त्या दिवसापासून आमचं जमलं. माझ्याशी जमणं सोपं नाही. माझ्या घरच्यांना विचारा.

पंचावन्न सालची गोष्ट आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यातले लोक कसे जगतात, काय खातात, किती दिवस कामाला जातात, हे सरकारला पाहायचं होतं. आता असे सर्व्हे पुष्कळ होतात. एक माणूस येतो, विचारतो, चहा पिऊन जातो, पुन्हा तोंड दाखवत नाही. आमचा तसा नव्हता. आमच्या सर्व्हेत घरं ठरलेली, आणि त्याच घरी तीन वर्षं जायचं. वर्षातून तीन फेऱ्या: पेरणीला, दसऱ्याच्या आधी, आणि कापसाची वेचणी संपली की. आमचे साहेब म्हणायचे, एकदाच फोटो काढला तर माणूस फोटोपुरता हसतो. तीन वर्षं तोच माणूस पाहा, मग कळतं. साहेब पुण्याकडचे होते, पण माणूस चांगला. मी असं सहसा म्हणत नाही.

गंमत अशी की सर्व्हे सुरू झाला तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो. मधेच आमचं मुंबई राज्य झालं. अहवाल छापून आला तेव्हा महाराष्ट्र झालेला. घरं जागची हलली नाहीत, राज्यंच बदलत गेली. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण सुंदराबाईचं घर एक आठवडा बंद होतं, ते मात्र कोणाला चाललं नाही. तीच गोष्ट सांगतो आहे.

इनायतुल्ला अकोल्याचा. बाप शिंपी. हा उर्दू शाळेत शिकला, मग मराठी चौथी केली, काही वर्षं एका कापसाच्या जिनात रुई तोलणाऱ्याच्या हाताखाली होता. उंच, वाळका, आणि सायकलवर बसला की गुडघे हँडलला लागायचे. बायको हलीमाबी अकोल्याला. हा आठवड्याला घरी जायचा आणि येताना तिनं केलेलं लिंबाचं लोणचं आणायचा. मी त्यातलं अर्धं खायचो आणि खारट झालं म्हणायचो.

त्याची विचारायची रीत निराळी होती. बाकीचे लोक गावात गेले की चावडीवर खुर्ची मागायचे आणि एकेकाला बोलावून घ्यायचे. हा प्रत्येकाच्या दारात जाऊन उकिडवा बसायचा. "घर सलामत?" हे त्याचं पहिलं वाक्य. मग बकरीचं विचारायचा, सासूच्या दम्याचं विचारायचा, आणि मधेच कुठेतरी आमच्या कार्डावरचा प्रश्न घालायचा. मी एकदा म्हटलं, कार्डावर प्रश्नांना नंबर दिले आहेत ते कशाला? तर म्हणतो, "चंद्रभानबाबू, नंबर कार्डाले असते, दुखाले नसते." मी म्हटलं, शायरी कमी कर आणि शेरे नीट लिही.

त्याच्याकडच्या गावांत नांदगाव खंडेश्वराच्या बाजूचं एक गाव होतं. नाव सांगणार नाही, सर्व्हेचा नियमच तसा आहे, आणि नोकरी संपली म्हणून नियम संपत नाही. आम्ही त्याला चार नंबरचं गाव म्हणायचो. तिथली वीस घरं आमच्याकडे. नऊ घरं वरच्या आळीतली, विहिरी-बैलांची. अकरा घरं गावाबाहेरच्या वस्तीतली. तिला तेव्हा महारवाडा म्हणत. पुढे बौद्धपुरा झाला. तिथे कोणाकडे शेत नव्हतं. निंदण, डवरण, वेचणी, जे मिळेल ते काम.

सुंदराबाई त्या वस्तीतली. पहिल्या फेरीला तिनं इनायतुल्लाला दारातूनच फटकारलं.

"काय इचारता? मांगच्या सायेबानं बी इचारलं, त्याच्या मांगच्यानं बी इचारलं. लिवून नेते अन् चुलीत घालते."

हा तिथेच उकिडवा बसला. "बाई, आंधी पानी तं द्या. बडनेऱ्याहून सायकल मारत आलो."

ती जागची हलली नाही. "आमच्या घरचं?"

"मंग काय? तुमच्या दारात बसून पाटलाच्या घरचं आनू?"

तिनं पाणी दिलं. तो ते गटागट प्यायला आणि त्यानं अजून एक लोटा मागितला. आज कोणाला यात काय विशेष, असं वाटेल. पंचावन्न सालच्या त्या गावात हे विशेष होतं. पाटलाच्या ओसरीवर बसून त्या वस्तीची कार्डं भरणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसऱ्या फेरीला, दसऱ्याच्या आधी, तो गेला तेव्हा त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, "मांगच्या बारीनं घरात पाच मानसं होते. आता?"

"चार," सुंदराबाई म्हणाली.

तिची मुलगी श्रावणात गेली होती. चार महिन्यांची. पावसानं कामं बंद, घरात ज्वारी नाही, आठवडेच्या आठवडे रानातल्या तरोट्याची भाजी उकडून खाल्लेली. "मलेच पोटात काई नोयतं, तिले दूध कुठून येनार?" एवढंच तिनं सांगितलं. इनायतुल्लानं नाव विचारलं, कारण कार्डावर तो प्रश्न होता. नाव ठेवलेलं नव्हतं. चार पैसे हाती आले की ठेवू, असं म्हणता म्हणता राहिलं. आणि जन्ममृत्यू लिहिणारा कोतवाल त्या वस्तीत त्या महिन्यात फिरकलाच नाही. म्हणजे पोरगी आली आणि गेली, सरकारदरबारी दोन्हीची नोंद नाही.

त्यानं कार्डावर लिहिलं. ती पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"लिवलं?"

"लिवलं."

"मंग ते राहीन का तुमच्या कागदात? का थे बी चुलीत?"

"राहीन, सुंदराबाई. जबान देतो."

हे मला त्यानं कचेरीत आल्यावर सांगितलं, आणि वरून म्हणाला, "बाबूजी, हे कार्ड संभाळून ठेवजा." मी चिडलो. म्हटलं, मी सगळीच कार्डं सांभाळतो, माझी काय किराणा दुकानाची रद्दी आहे? पण ते कार्ड मी लावताना दोनदा पाहिलं, हे खरं.

पुढच्या वर्षी, छप्पन साली, दसऱ्याच्या फेरीच्या तोंडावर इनायतुल्ला काळ्या मातीच्या चिखलात सायकलवरून पडला. घोटा मोडला. हाड बसवून त्याला अकोल्याला खाटेवर टाकलं. त्याच्या जागी साहेबांनी ओमप्रकाशला पाठवलं. हा अमरावतीचाच, नवा, चलाख. त्यानं आधी एकाच फेरीच्या पाहणीचं काम केलं होतं. त्या कामात नियम असा, की घर बंद असलं तर शेजारचं घर घ्या, पण आकडा भरा. एकदाच जायचं असेल तर तो नियम ठीकच आहे.

तो चार नंबरच्या गावात पोचला तर वस्तीतल्या अकराही घरांना कुलपं. ज्यांच्याकडे कुलूप नव्हतं त्यांच्या दाराला दोरी. ओमप्रकाशनं नियमाप्रमाणे शेजारच्या आळीतली अकरा घरं घेतली, छान अक्षरात कार्डं भरली आणि परत आला. इनायतुल्लानं खाटेवरून निरोप पाठवला, "फेरी झाली का पूरी?" ओमप्रकाशनं उलट निरोप दिला, "पूरी झाली." त्याच्या हिशेबानं पुरी झालीच होती.

अठ्ठावन्न साली फेऱ्या संपल्या. पुढच्या वर्षी तक्ते काढायचं काम निघालं. कार्डांवर भोकं पाडून ती मशीनला द्यायची होती. त्याआधी साहेबांनी मला सांगितलं, "चंद्रभान, आकडा तपासून घ्या." म्हणजे घरं गुणिले फेऱ्या, तेवढी कार्डं आहेत का पाहा. मी मोजली. एक कमी नाही, एक जास्त नाही. साहेब खूश, मी खूश. मी माझ्या हिशेबावर खूश असतो तेव्हा पानपट्टीवाल्याला उधारी देऊन टाकतो, एवढा खूश.

इनायतुल्लाचा घोटा वाकडाच जुळला होता. उरलेल्या फेऱ्या त्यानं बंडीनं कशाबशा केल्या, पण सायकल सुटली ती सुटलीच, म्हणून साहेबांनी त्याला कचेरीत कार्डं लावायला बसवलं होतं. तो म्हणाला, "बाबूजी, सुंदराबाईचे सारे कार्डं दाखवता का एका जागी? पाहू तं द्या."

"कशाला? गुणाकार बरोबर आला."

"गुनाकार बरोबर हाय. मले घर पाहाचं हाय."

आता ह्याला काय म्हणावं! त्याच्या तोंडावर आपटायची म्हणून मी कार्डं काढली. नऊ हवीत. आठ निघाली. मी गठ्ठा पुन्हा चाळला, शेजारच्या घराचा चाळला. मैनाबाईची आठ. नत्थुजीची आठ. मग कार्डांचा आकडा बरोबर कसा?

रविवारी आम्ही दोघांनी कचेरीतल्या खुर्च्या बाहेर काढल्या, फरशी झाडली, आणि चार नंबरचं गाव जमिनीवर मांडलं. एका घराची एक ओळ. प्रत्येक फेरीची एक जागा. पत्त्यांचा डाव मांडावा तसं. वरच्या नऊ घरांच्या ओळी भरल्या. खालच्या अकरा ओळींत छप्पनच्या दसऱ्याची जागा रिकामी. वरपासून खालपर्यंत सरळ पट्टा, एकाखाली एक, आणि तिथून नुसती शहाबादी फरशी दिसत होती. आणि माझ्या हातात अकरा कार्डं उरली, ओमप्रकाशच्या सुंदर अक्षरातली, ज्यांना कुठे ओळच नव्हती. एका फेरीपुरती आलेली घरं. कमी तितकीच जास्त, म्हणून बेरीज बिनबोभाट जुळली होती.

"छप्पनचा दसरा," इनायतुल्ला म्हणाला आणि फरशीवरच बसला. "या अल्ला. हे तं सारे नागपूरले गेलते. दीक्षेले."

साहेब काहीतरी विसरले म्हणून नेमके तेव्हाच आले. त्यांनी दारातच बूट काढले. ओळींमधल्या जागेतून पाय सांभाळत आत आले, वाकले, आणि तो रिकामा पट्टा पाहत राहिले. "अरेरे," म्हणाले. मग त्यांनी आम्हाला नियम सांगितला. आम्हाला तो ठाऊक होता, पण त्यांनाही तो मोठ्यानं म्हणून पाहायचा असावा. तक्त्यात प्रत्येक घर प्रत्येक फेरीला हवं. नाहीतर या वर्षाशी त्या वर्षाची तुलनाच होत नाही. घर गरीब झालं की गरीब घर गैरहजर राहिलं, काही कळत नाही. म्हणून ज्या घराची एक जरी फेरी कमी, ते घर बाद. सगळ्या फेऱ्यांतून बाद.

"म्हंजे अकराही?" इनायतुल्लानं विचारलं.

"अकराही. एका फेरीसाठी आठ फेऱ्या जातात, मला कळतं हो. पण पोकळ जागा मशीनला चालत नाही आणि खोटं भरलेलं मला चालत नाही."

सोमवारी मी ती अकरा घरं वगळून कच्चा तक्ता काढला. अहाहा! काय गाव झालं होतं! सगळ्यांकडे बैल, सगळ्यांकडे ज्वारी, उपाशी दिवस जवळजवळ नाहीतच. असं गाव असेल तर मीच तिथे राहायला गेलो असतो. इनायतुल्लानं तक्ता पाहिला आणि एकाच रकान्यावर बोट ठेवलं, एक वर्षाआतील मृत्यूंच्या. 

दुपारी तो साहेबांकडे गेला. मीही गेलो, कारण तो रागावला की त्याला शब्द सापडत नाहीत आणि मला नको तितके सापडतात.

"सायेब, मी जाऊन इचारून येतो. त्या हप्त्याचं."

"इनायतुल्ला, अडीच वर्षं झाली. मला मागच्या गुरुवारची भाजी आठवत नाही. लोकांना अडीच वर्षांपूर्वीचा आठवडा कसा आठवेल?"

"मागचा गुरुवार नाही आठवनार, सायेब. तो हप्ता आठवन. त्याइच्या जिंदगीत तसा दुसरा हप्ता नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "दोघं जा. दोघांनी वेगवेगळं विचारायचं, एकमेकांना कार्डं दाखवायची नाहीत. प्रत्येक घरातली दोन माणसं, एक तुमच्याकडे, एक चंद्रभानकडे. दोन्ही गठ्ठे मी स्वतः ताडून पाहीन. जुळलं तर ठेवू. नाही जुळलं तर बाद, आणि मग माझ्याशी वाद घालायचा नाही." शेवटचं वाक्य माझ्याकडे पाहून म्हटलं होतं.

आम्ही मोटारीनं नांदगावला उतरलो आणि पुढे बंडीनं गेलो, कारण इनायतुल्लाला चालवत नव्हतं. वस्तीत पोचलो तर सुंदराबाई दारात तूर पाखडत होती. तिनं त्याच्या पायाकडे पाहिलं. "लंगडेच राह्यले का हो मुनशीजी?" मग माझ्याकडे पाहिलं. "हे कोन? लय तिरसट दिसते." बाईला पारख होती.

इनायतुल्लानं तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. त्या दसऱ्याला तो आला नव्हता, दुसरा आला, घरं बंद होती, ती जागा रिकामी राहिली, आणि म्हणून घर सगळ्या तक्त्यातून निघणार.

"आमाले वाटलं तुमी पाय मोडून बसले म्हून कोनी आलंच नाही." तिनं सूप खाली ठेवलं. "साऱ्यातून निंघनार म्हंजे? थे पोरगी बी?"

"हो."

"एकदा मेली ते मेली. आता कागदातून बी मेली?" तिचा आवाज चढला. शेजारची मैनाबाई बाहेर आली. "तुमी जबान देल्ली होती मुनशीजी! माह्या दारात बसून देल्ली होती!"

तो मान खाली घालून बसला होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, त्याच्यावर ओरडू नका. तो भांडून आला म्हणून तर आम्ही इथं आहोत. आता तुम्ही सांगाल तर घर राहतं." ती पदर खोचून समोर बसली. मग म्हणाली, "इचारा. काय इचाराचं ते इचारा. मले सारं याद हाय."

मी निंबाखाली बसलो, इनायतुल्ला वस्तीच्या विहिरीजवळ. एकेक माणूस यायचं. मी नोकरीत कितीतरी लोकांना विचारलं असेल, काल काय खाल्लं, तर डोकं खाजवतात. इथे उलट झालं. नत्थुजी बसायच्या आधीच सांगायला लागला. बंड्या कोणाच्या होत्या, कोण कुठल्या बंडीत बसलं, बडनेऱ्याच्या ठेसनावर गाडीत शिरायला जागा नव्हती. "खाल्लं काय?" विचारलं. "जातानी भाकरी अन् तेल-तिखट. भाकरी मैनाबाईच्या हातच्या, करपेल होत्या. घाईनं भाजल्या तिनं. ठेसनावर फुटाने. नागपुरात कोनीतरी खिचडी वाटून राह्यलं होतं, थे. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. भूकच नोयती लागली, सायेब. खरं सांगतो, भूकच नोयती."

त्याच्यानंतर आलेल्या म्हाताऱ्यानंही करपलेल्या भाकरी सांगितल्या. त्याच्यानंतरच्या पोरसवदा सुनेनंही. मैनाबाई स्वतः आली तेव्हा मी गंभीरपणे विचारलं, भाकरी कशा झाल्या होत्या? "चांगल्या झाल्या होत्या," ती म्हणाली. "काहून? कोनी काई म्हनलं का?" मी कसंबसं हसू आवरलं.

सुंदराबाई माझ्या वाट्याला आली, कारण तिच्या नवऱ्याला, देवमनला, इनायतुल्लानं बसवलं होतं. तिनं शेळी विकून पांढरं लुगडं घेतलं होतं. शेळीचा रंगही सांगितला. सगळं पटापट चाललं होतं, आणि मग मी कामाच्या रकान्याशी अडकलो. त्या आठवड्यात मजुरीचे दिवस नाहीत. मग रिकामं राहायचं कारण लिहावं लागतं. काम मिळालं नाही, आजार, सण, इतर. मी म्हटलं, "काम मिळालं नाही, असं लिहू?"

"खोटं काहून लिवता? काम होतं. तूर निंदाची होती. आमी काम टाकून गेलतो."

"मग सण लिहितो. दसरा होताच."

"दसरा तं दर सालाले येते." मग सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "लिवा, आमी मानूस व्हाले गेलतो."

कार्डावर 'इतर'च्या पुढे बोटभर जागा असते. मी बारीक अक्षर काढलं आणि ती म्हणाली तसंच लिहिलं. मशीनसाठी 'इतर'चं एकच भोक पडणार होतं, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं. आणि त्या दिवशी मी कोणावरच ओरडलो नाही. परतताना इनायतुल्लानं विचारलं, "बाबूजी, तब्येत ठीक हाय ना?"

साहेबांनी दोन्ही गठ्ठे घेतले, दार लावून घेतलं आणि दिवसभर ताडून पाहिलं. आम्ही बाहेर बसलेलो. मी चार वेळा चहा प्यालो. इनायतुल्लानं एकदाही नाही. संध्याकाळी साहेबांनी आत बोलावलं.

"दोन घरांत फरक आहे," ते म्हणाले. "नत्थुजी म्हणतो बुधवारी परत आलो. त्याची बायको म्हणते गुरुवारी."

मी मनात म्हटलं, झालं, अकराही बाद.

"आणि मैनाबाई म्हणते भाकरी चांगल्या होत्या," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "आता माझी खात्री पटली. सगळं अगदी सारखं असतं, तर मी समजलो असतो की तुम्ही दोघांनी झाडाखाली बसून भरलं. अकराही घरं ठेवा. हे नंतर विचारून भरलं आहे, अशी टीप मात्र घाला, ती लपवायची नाही."

इनायतुल्ला तिथेच रडला. मोठा माणूस, साहेबांच्या खोलीत, रुमालसुद्धा न काढता. साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली आणि मला पाणी आणायला पाठवलं. मी बाहेर जाऊन जरा उशिरानंच परतलो. मलाही डोळे पुसायला वेळ हवा होता.

रविवारी आम्ही पुन्हा गाव फरशीवर मांडलं. गरज नव्हती, गुणाकार केला असता तरी चाललं असतं. पण मांडलं. फरशी कुठेच दिसेना. ओमप्रकाशनंही येऊन पाहिलं. त्याची अकरा कार्डं मी त्याला परत दिली, म्हटलं, अक्षर चांगलं आहे, फ्रेम करून लाव. तो बिचारा ओशाळला. इनायतुल्लानं मला डोळ्यानं दटावलं.

अहवाल एकसष्ट साली छापून आला. राखाडी पुठ्ठा, सगळा इंग्रजीत. सर्व्हे संपल्यावर इनायतुल्लाची नोकरीही संपली होती. अकोल्याला मेहुण्याच्या कापडदुकानात तो मापं घ्यायचा. मी त्याला कळवलं, तो दुसऱ्याच दिवशी लोणच्याची बरणी घेऊन हजर. "एक पुस्तक द्या, बाबूजी. दाखवाचं हाय." मी म्हटलं, इंग्रजी पुस्तक तिला काय दाखवणार? तो म्हणाला, "तुमी चाला तं खरं."

सुंदराबाईनं पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं, वास घेतला. "अथी माहं नाव कुठं हाय?"

"नाव कोनाचंच नाही," इनायतुल्ला म्हणाला. "आकडे हायत. हे आपलं गाव." त्यानं चार नंबरची ओळ दाखवली, तिचं बोट धरून त्या ओळीवरून सरकवत नेलं आणि एका रकान्यात थांबवलं. "हा चाराचा आकडा. तीन सालात गावात वर्षाच्या आतले लेकरं गेले, थे चार. ह्या चारात एक तुमची."

तिनं बोट तिथून हलवलं नाही.

"अन् आमचे घरं निंघाले असते," तिनं विचारलं, "तं अथी काय राह्यलं असतं?"

इनायतुल्लानं माझ्याकडे पाहिलं. कच्चा तक्ता मी काढला होता. मला सांगावंच लागलं.

"शून्य."

"शून्य म्हंजे?"

"म्हणजे गावात एकही लेकरू मेलं नाही."

चारही लेकरं त्या वस्तीतलीच होती, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं पुस्तक तसंच मांडीवर उघडं धरलं, बोट त्या आकड्यावर ठेवलं, आणि मान वळवून कुडापलीकडे हाक मारली.

"मैना! ओ मैना! हात धुऊन ये वो लवकर. तुई पोरगी बी अथीच हाय."